असेंब्लरचं मॅन्युअल आवरताना काय हलवायचं नाही

मॅन्युअलमधली एक ओळ उचलून आपल्या फाइलमध्ये चिकटवली, असेंब्लर (असेंब्ली भाषेतल्या आज्ञांचे प्रोसेसरसाठी आकडे करणारा प्रोग्राम) चालवला आणि त्याने ती ओळ नाकारली. दोन्ही ओळी शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं तरी फरक सापडत नाही. शेवटी फाइलचे बाइट उघडून पाहिले की उलगडा होतो. आज्ञा आणि रजिस्टर (प्रोसेसरमधली आकडा ठेवायची छोटी जागा) यांच्या मधली मोकळी जागा ही साधी स्पेस नाहीच. साध्या स्पेसचा बाइट सोळाच्या पायात २० असा असतो. इथे त्या जागी सी२ आणि ए० असे दोन बाइट बसलेले आहेत. ही ‘न तुटणारी’ स्पेस. ओळ नेमकी तिथे मोडू नये म्हणून मॅन्युअल नीटनेटकं करणाऱ्या कोणीतरी ती घातली. हेतू चांगलाच होता, पण पानावर दिसतं ते आणि वाचकाच्या फाइलमध्ये उतरतं ते आता वेगळं झालं.

तांत्रिक मजकूर आवरणं म्हणजे मथळे सारखे करणं, टॅब-स्पेस जुळवणं, तक्ते सरळ करणं, कोडला कोडचा फाँट देणं. बहुतेक विषयांत हे काम निर्धास्तपणे करता येतं. असेंब्लरच्या बाबतीत येत नाही. इथे ठिपका, स्वल्पविराम, कंस, मोकळी जागा यांतलं प्रत्येक चिन्ह काही ना काही सांगत असतं. ते कसं, आणि मग हे काम करायचं तरी कोणत्या हाताने, एवढंच या लेखात मांडतो आहे. (आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, खऱ्या फाइलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत असतात.)

मुकी चूक आणि ओरडणारी चूक

प्रोसेसरला फक्त आकडे कळतात. माणसाला वाचता येतील अशा आज्ञा त्या आकड्यांत बदलून देणारा प्रोग्राम म्हणजे असेंब्लर. ‘मूव्ह ईएएक्स, ५’ याचा अर्थ ईएएक्स नावाच्या रजिस्टरमध्ये ५ हा आकडा ठेव. इंटेलच्या ३२-बिट प्रोसेसरसाठी या ओळीचे पाच बाइट होतात: बी८ ०५ ०० ०० ००. पहिला बाइट सांगतो की पुढचा आकडा ईएएक्समध्ये भर. उरलेले चार म्हणजे तो आकडा, त्याचा सर्वांत लहान हिस्सा आधी. एक ओळ, एक आज्ञा, मोजके बाइट. मधे दुसरं काहीच नाही.

हे ‘मधे काहीच नसणं’ महत्त्वाचं आहे. वरच्या पातळीच्या भाषांमध्ये व्याकरणाचा पसारा मोठा असतो. एखादं चिन्ह गळलं तर वाक्यरचना बिघडते आणि कंपायलर, म्हणजे त्या भाषेचं रूपांतर करणारा प्रोग्राम, लगेच तक्रार करतो. असेंब्लीचं व्याकरण इतकं तोकडं आहे की चिन्ह गळल्यावर जे उरतं तेही अनेकदा वैधच असतं, फक्त अर्थ दुसराच असतो. असेंब्लर तक्रार करत नाही, वाचकालाही काही खटकत नाही. मी मॅन्युअल तपासताना चुकांची विभागणी याच कसोटीवर करतो: चूक ओरडते की मुकी राहते? उघडणारं आणि मिटणारं वळणदार अवतरणचिन्ह कोडमध्ये शिरलं तर असेंब्लर ओळ नाकारतो. वाचकाला त्रास होतो, पण चूक लपत नाही. मुकी चूक मात्र वाचकाच्या प्रोग्राममध्ये जाऊन बसते.

अशी एक चूक जवळून पाहू. ग्नू असेंब्लरमध्ये इंटेल प्रोसेसरसाठी पूर्वापार एटी अँड टी शैली वापरतात. तिच्यात रजिस्टरच्या आधी टक्केचिन्ह आणि थेट आकड्याच्या आधी डॉलरचिन्ह येतं, आणि ‘कुठून’ आधी, ‘कुठे’ नंतर असा क्रम असतो. म्हणजे वरचीच आज्ञा तिथे ‘मूव्हएल $५, %ईएएक्स’ अशी होते. आता मॅन्युअल एका साधनातून दुसऱ्या साधनात नेताना ते डॉलरचिन्ह गळलं. उरलं ‘मूव्हएल ५, %ईएएक्स’. दिसायला काहीच बिघडलेलं नाही, उलट जरा मोकळं वाटतं. पण डॉलर नसलेला ५ हा आकडा राहिला नाही, तो मेमरीतला पत्ता झाला. आता आज्ञा म्हणते: मेमरीच्या ५ क्रमांकाच्या पत्त्यावर जे काही असेल ते आणून ईएएक्समध्ये ठेव. बाइट होतात ए१ ०५ ०० ०० ००. फक्त पहिला बाइट बदलला. असेंब्लरने कुरकुर न करता फाइल बनवून दिली. नेहमीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर प्रोग्रामला त्या पत्त्यावर जायची परवानगी नसते, त्यामुळे तो चालवताक्षणी कोसळतो. आणि नुकतंच असेंब्ली शिकायला घेतलेला माणूस समजतो की आपल्यालाच काही कळलेलं नाही, कारण त्याने तर पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवलं होतं. मला या कामाची तळमळ वाटते ती या माणसासाठी.

दोन भाषांचं एकच चिन्ह

डॉलर गळतो कसा? मॅन्युअल लिहिण्यासाठी जी साधनं वापरतात त्यांची स्वतःचीही एक चिन्हभाषा असते. असेंब्लरची चिन्हं आणि त्या साधनाची चिन्हं एकमेकांना भिडतात, आणि त्यात बळी असेंब्लरच्या चिन्हाचा जातो.

टेक (छपाईसाठी मजकूर जुळवणारा प्रोग्राम) आणि त्याच्या घराण्यातल्या साधनांत डॉलरचिन्ह म्हणजे गणिताची सुरुवात किंवा शेवट. एकाच परिच्छेदात दोन डॉलर आले की मधला सगळा मजकूर तिरप्या गणिती अक्षरांत जातो आणि दोन्ही डॉलर पानावरून नाहीसे होतात. गणितासाठी हीच खूण वापरणाऱ्या काही वेब साधनांतही असंच घडतं. टेकमध्ये टक्केचिन्ह म्हणजे टिप्पणीची सुरुवात. तिथून ओळीच्या शेवटापर्यंतचं सगळं छापलंच जात नाही. आता नॅझम हा असेंब्लर बघा. त्याच्या मॅक्रोंच्या (एका नावाखाली बांधलेल्या ओळींच्या) साऱ्या सूचना टक्केचिन्हानेच सुरू होतात: %डिफाइन, %मॅक्रो, %इफ. काळजी घेतली नाही तर अशी अख्खी ओळ गायब होते. त्याच नॅझममध्ये एकटं डॉलरचिन्ह म्हणजे ‘आत्ताची जागा’ आणि जोड डॉलरचिन्ह म्हणजे ‘या सेक्शनची (प्रोग्रामच्या या भागाची) सुरुवात’. जोडातलं एक गळलं तरी जे उरतं तेही वैधच.

मार्कडाउन या साध्या खुणांच्या लेखनपद्धतीत उलटी अवतरणचिन्हं कोड दाखवायला वापरतात. नॅझममध्ये मात्र त्याच चिन्हांत लिहिलेल्या स्ट्रिंगला (अक्षरांच्या माळेला) खास अर्थ आहे: बॅकस्लॅश आणि एन मिळून नवी ओळ होते ती फक्त या चिन्हांच्या आत, साध्या एकेरी किंवा दुहेरी अवतरणांत नाही. म्हणजे मार्कडाउनमध्ये नॅझमची अशी स्ट्रिंग वाक्याच्या ओघात दाखवायची तर बाहेरचं वेष्टण दोन-दोन चिन्हांचं करावं लागतं. ज्याला हे ठाऊक नाही तो जास्तीची चिन्हं पाहून ‘स्वच्छता’ करतो आणि स्ट्रिंगचा प्रकारच बदलून बसतो.

ग्नू असेंब्लरचं मॅन्युअल टेक्सइन्फो या पद्धतीत लिहिलेलं आहे. तिथे @ हे चिन्ह प्रत्येक सूचनेच्या आधी येतं. आणि एआरएमच्या ३२-बिट प्रोसेसरसाठी त्याच असेंब्लरमध्ये @ म्हणजे टिप्पणीची सुरुवात. म्हणून मूळ फाइलमध्ये ते दोनदा लिहावं लागतं. एचटीएमएलमध्ये टोकदार कंसात लिहिलेला शब्द ब्राउझर टॅग समजून गिळतो. युनिक्सच्या मॅन-पानांत (आज्ञांच्या माहितीपानांत) साधी आडवी रेघ कधी कधी छपाईच्या हायफनमध्ये बदलते, आणि तिथून कॉपी केलेला पर्याय असेंब्लरला ओळखू येत नाही. दोन जोड रेघांची एक लांब रेघ करणारे सुधारक तर जवळपास प्रत्येक लेखनसाधनात असतात.

म्हणून कामाला हात घालण्याआधी एक कागद घ्यावा. डावीकडे आपल्या असेंब्लरमध्ये अर्थ असलेली चिन्हं, उजवीकडे मॅन्युअलच्या साधनात अर्थ असलेली चिन्हं. जी दोन्हीकडे येतात ती आपली धोक्याची ठिकाणं. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढचे कित्येक दिवस वाचवतं.

मोकळी जागा रिकामी नसते

असेंब्लीच्या ओळीची जुनी ठेवण चार भागांची: लेबल (त्या जागेला दिलेलं नाव), आज्ञा, तिची ऑपरंडं (आज्ञा ज्यांवर चालते ती रजिस्टरं, आकडे, पत्ते), शेवटी टिप्पणी. आयबीएमच्या मेनफ्रेम असेंब्लरमध्ये ही ठेवण ८० रकान्यांच्या पंचकार्डांच्या काळातून आली आहे आणि आजही टिकून आहे. लेबल पहिल्या रकान्यात सुरू व्हावं लागतं. आज्ञा दहाव्या आणि ऑपरंडं सोळाव्या रकान्यापासून लिहायची रीत आहे. ७२ व्या रकान्यात स्पेसखेरीज काहीही असलं तर पुढची ओळ याच ओळीचा भाग मानली जाते. म्हणजे टिप्पण्या एका रेषेत आणण्यासाठी उजवीकडे सरकवल्या आणि एखादीचं शेवटचं अक्षर ७२ व्या रकान्यात पोचलं, तर पुढची आज्ञा स्वतंत्र आज्ञा उरत नाही.

त्याहून फसवी गोष्ट ऑपरंडांची. या असेंब्लरमध्ये टिप्पणीआधी सेमीकोलन लागत नाही. ऑपरंडांनंतर स्पेस आली की पुढचं सगळं शेरा. आता ‘एलए ३,टेबल+१’ ही ओळ घ्या. टेबलच्या पत्त्यात १ मिळवून तो रजिस्टर ३ मध्ये ठेव, असा तिचा अर्थ. बाकी सगळ्या भाषांत आपण अधिकच्या चिन्हाभोवती जागा सोडतो, वाचायला बरं पडतं. तसं इथे केलं, ‘एलए ३,टेबल + १’, तर असेंब्लर ‘३,टेबल’ एवढंच ऑपरंड मानतो आणि ‘+ १’ हा शेरा म्हणून सोडून देतो. पत्ता एका बाइटने चुकतो. तक्रार नाही, इशारा नाही. फॉर्मॅटिंगच्या नियमावलीत ‘चिन्हाभोवती एक स्पेस’ असं लिहिणाऱ्याला हे उदाहरण आधी दाखवावं.

टॅबांबद्दल माझं मत ठाम आहे: छापून दाखवायच्या उदाहरणांत टॅब नकोत, स्पेसच हव्यात. टॅब कुठे चार जागांचा दिसतो, कुठे आठ जागांचा, आणि जुळवलेले रकाने वाचकाच्या पडद्यावर विस्कटतात. अपवाद एकच, आणि तो विसरून चालत नाही. असेंब्लरच्या मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा मेकफाइलचाही (प्रोग्राम बांधून देणाऱ्या मेक या साधनाच्या सूचनांच्या फाइलचा) नमुना असतो, आणि मेकमध्ये कृतीची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. सरसकट बदल करणारी आज्ञा सगळ्या फाइलींवर चालवली की तो नमुना मोडतो.

आकड्यांतही हीच गत. नॅझममध्ये शेवटी एच लावून सोळाच्या पायातला आकडा लिहिता येतो, पण तो अंकाने सुरू झाला पाहिजे. ०एफएफएच हा आकडा आहे. पुढचं शून्य बिनकामाचं समजून काढलं तर एफएफएच हे नाव होतं. ग्नू असेंब्लरमध्ये उलट बाजूने फसगत होते. तिथे शून्याने सुरू होणारा आकडा आठच्या पायातला मानतात. तक्ता सुबक दिसावा म्हणून १० च्या आधी शून्य लावून ०१० केलं की त्याची किंमत ८ होते.

काय टाइप करायचं, काय भरायचं

एवढी सावधगिरी बाळगून आवरायचं तरी काय? माझ्या मते सर्वांत आधी एकच गोष्ट: कुठला शब्द जसाच्या तसा टाइप करायचा आणि कुठल्या शब्दाच्या जागी वाचकाने स्वतःचं काही भरायचं, हे प्रत्येक पानावर एकाच पद्धतीने दिसलं पाहिजे.

‘मूव्ह रजिस्टर, आकडा’ असं आज्ञेचं रूप दिलं तर त्यात ‘मूव्ह’ टाइप करायचं आहे, ‘रजिस्टर’च्या जागी ईएएक्ससारखं नाव यायचं आहे. जुन्या, अनेक हातांनी वाढलेल्या मॅन्युअलमध्ये दोन्ही कधी ठळक असतात, कधी तिरपे, कधी टोकदार कंसात, कधी सगळी मोठी अक्षरं. वाचकाला प्रत्येक प्रकरणात नव्याने अंदाज बांधावा लागतो. टेक्सइन्फोत याची सोय चांगली आहे. जसंच्या तसं लिहायच्या शब्दाला एक खूण, भरायच्या शब्दाला दुसरी. तो शब्द कसा दिसेल हे लेखक ठरवत नाही, तो शब्द कोण आहे एवढंच सांगतो. मग वेब पानावर भरायचा शब्द तिरपा होतो, तर साध्या मजकुराच्या इन्फो रूपात मोठ्या अक्षरांत येतो. रूप बदलतं, अर्थ बदलत नाही. म्हणून ‘इथे तिरपं कर’ अशा सगळ्या खुणा शोधून त्यांच्या जागी ‘हा भरायचा शब्द’ अशी खूण देणं हे माझ्या लेखी आवराआवरीतलं सर्वांत मोलाचं काम आहे. कंटाळवाणं आहे, कारण प्रत्येक ठिकाणी वाचून ठरवावं लागतं, यंत्रावर सोपवता येत नाही.

चौकोनी कंस इथली खास अडचण. आज्ञांचं व्याकरण लिहिताना ‘ऐच्छिक’ भाग चौकोनी कंसात टाकायची जुनी पद्धत आहे. पण नॅझममध्ये चौकोनी कंस हाच भाषेचा भाग आहे: ‘मूव्ह ईएएक्स, एक्स’ म्हणजे एक्सचा पत्ता, ‘मूव्ह ईएएक्स, [एक्स]’ म्हणजे त्या पत्त्यावर ठेवलेली किंमत. वाचकाने कंसाचा अर्थ ‘हा भाग गाळला तरी चालेल’ असा घेतला आणि कंस गाळला, तर पुन्हा मुकी चूक. अशा असेंब्लरच्या मॅन्युअलमध्ये ऐच्छिक भागासाठी चौकोनी कंस वापरूच नयेत. सरळ दोन रूपं एकाखाली एक लिहावीत. दोन ओळी जास्त गेल्या तर जाऊ द्याव्यात.

मथळ्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पातळ्या सुसंगत ठेवा, आणि मथळ्याचे शब्द बदलले तर त्यावरून बनलेला जुना दुवा चालू राहील याची सोय करा. फाँटमध्ये शून्य आणि ओ, एक आणि एल वेगळे दिसतात का, एवढं पाहा.

हात कसा ठेवायचा

रूपाचे बदल आणि मजकुराचे बदल एकाच कमिटमध्ये (एकदम नोंदवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात) कधीही मिसळू नयेत. आवरताना एखादं विधान चुकलेलं दिसतंच. ते त्याच क्षणी दुरुस्त करायचा मोह होतो. तो आवरून वेगळं टिपून ठेवावं. तपासणाऱ्याला ‘या कमिटमध्ये अर्थ बदललेला नाही’ अशी खात्री हवी असते. हजार बदललेल्या ओळींत एक खरी दुरुस्ती लपली तर ती तपासलीच जात नाही. कोणती ओळ शेवटी कोणी बदलली हे शोधताना असले कमिट मधे येतात ही तक्रार रास्त आहे, पण बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या २०१९ साली आलेल्या २.२३ आवृत्तीपासून ठरावीक कमिट वगळून हा शोध घेता येतो.

मूळ फाइलमध्ये प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करावं. ब्रायन कर्निगन यांनी हा सल्ला युनिक्सच्या नवशिक्यांना १९७४ मध्येच दिला होता. छापील पानावर परिच्छेद सलगच दिसतो, पण एक शब्द बदलला तर फरकात एकच वाक्य दिसतं, अख्खा परिच्छेद नव्हे. मात्र फरक बघताना ‘मोकळ्या जागेतले बदल दाखवू नको’ हा सोयीचा पर्याय उदाहरणांच्या बाबतीत वापरू नये. का, ते वर ‘टेबल + १’ने दाखवलंच आहे.

यानंतर दोन तपासण्या. पहिली, जुन्या आणि नव्या मॅन्युअलचं साधं मजकूर रूप काढून दोन्ही ताडून पाहायचं. शब्द गळला, चिन्ह बदललं तर इथे दिसतं. दुसरी मला जास्त भरवशाची वाटते: छापून तयार झालेल्या पानातून, मूळ फाइलीतून नव्हे, प्रत्येक उदाहरण उचलून असेंब्लरला द्यायचं आणि आवरण्याआधीचे बाइट व नंतरचे बाइट जुळतात का ते बघायचं. बी८ च्या जागी ए१ आलेला इथे सुटू शकत नाही. अपुरे तुकडे असतील तर त्यांना पुढेमागे लागणाऱ्या ओळी एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवून जोडाव्यात. पहिल्या वेळी हे उभं करायला वेळ लागतो. त्यानंतर प्रत्येक बदलावर ते आपोआप चालवता येतं.

या तपासणीत काही उदाहरणं नापास होतील, आणि ती नापासच व्हायला हवीत. मॅन्युअल फक्त बरोबर कसं लिहावं हे सांगत नाही, चुकीचं लिहिलं तर काय होतं हेही दाखवतं. नॅझमच्या मॅन्युअलमध्ये एक नमुनेदार ठिकाण आहे. ओळीवर एकटा शब्द असला आणि तो आज्ञा म्हणून ओळखता आला नाही, तर नॅझम त्याला लेबल मानतो, मग पुढे कोलन असो वा नसो. म्हणून एल-ओ-डी-एस-बी ही आज्ञा लिहिताना चुकून एल-ओ-डी-ए-बी लिहिलं गेलं तर ओळ वैधच राहते. तिच्यातून फक्त एक लेबल तयार होतं, आज्ञा कुठेच उतरत नाही. अशा लेबलसाठी नॅझमकडे इशाराही आहे. हा परिच्छेद शब्दलेखन तपासणाऱ्या माणसाच्या हाती गेला तर तो काय करेल? एका अक्षराची चूक दिसते आहे, नेमका योग्य शब्द वर त्याच ओळीत आहे, तो ‘ए’च्या जागी ‘एस’ करेल. अशी ठिकाणं शोधून त्यांच्या शेजारी मूळ फाइलमध्ये, छापली न जाणारी एक टिप्पणी ठेवावी: ‘चूक मुद्दाम आहे, दुरुस्त करू नये.’ आणि तपासणीच्या यादीत त्या उदाहरणापुढे लिहावं की इथून एकही बाइट निघता कामा नये.